केनियाला जाताना मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे ठरवायचं कसं

केनियाला जायचं ठरलं की पहिली धावपळ होते ती पिवळ्या तापाच्या लशीची. ती सक्तीची आहे. लस घेऊन १० दिवस झालेले नसतील, किंवा लस घेतल्याचा दाखला असलेलं ते पिवळं पुस्तक घरीच राहिलं असेल, तर परत येताना भारतातल्या विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. त्यामुळे ते काम कोणी विसरत नाही. मलेरियाचं तसं नाही. त्याचा कागद कोणी मागत नाही, त्याच्यावाचून प्रवासाची परवानगी अडत नाही. मग हा विषय टूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीतरी रात्री साडेदहाला निघतो, कुणीतरी लिहितं, "आपण मलेरियाच्या देशातलेच, आपल्याला काय होतंय", चार जण अंगठे टाकतात आणि विषय मिटतो.

आमच्या ग्रुपवर ते वाक्य माझ्या सासऱ्यांनीच, म्हणजे बाबांनी, टाकलं होतं. वय ६८, बीपीची गोळी चालू, आणि परळला राहत असताना दोनदा मलेरिया होऊन गेलेला. "मला तर लस घेतल्यासारखंच आहे," असं ते म्हणाले. त्यांना समजावता समजावता मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि तिकडे जाऊन पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. गोळी कोणती घ्यायची हे शेवटी तुमचा डॉक्टरच लिहून देणार. पण त्याच्यासमोर बसण्याआधी अर्धं काम घरी होऊ शकतं, आणि ते झालेलं असलं की दहा मिनिटांची भेटही कारणी लागते.

पहिलं काम: "आपल्याला सवय आहे" हे डोक्यातून काढणं

मुंबईत होणारा मलेरिया बहुतेक करून व्हायवॅक्स जातीच्या परजीवीचा असतो. थंडी वाजते, ताप चढतो, माणूस आठवडाभर पार गळून जातो, पण सहसा वाचतो. पूर्व आफ्रिकेत गाठ पडते ती फाल्सिपेरमशी. त्याने बाधित झालेल्या रक्तपेशी मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात. ताप सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. २०२३ साली जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातले.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागण होत राहिली तरच थोडीफार येते, आणि तो भाग सोडला की काही वर्षांत ओसरते. म्हणून तर आफ्रिकेतच जन्मलेले, पण लंडनला स्थायिक झालेले लोक सुट्टीत गावी गेले की पुष्कळदा आजारी पडतात. स्वतःच्या गावाला जाताना गोळ्या घ्यायच्या असतात हे त्यांच्या मनातही येत नाही. परळचा १९८० च्या दशकातला मलेरिया बाबांना मसाई मारात काडीचाही उपयोगी पडणार नव्हता.

दुसरं काम: रात्रींचा तक्ता

निर्णय देशाच्या नावावरून घेऊ नका, मुक्कामाच्या रात्रींवरून घ्या. मलेरिया पसरवणारी अॅनोफिलिस डासाची मादी मावळतीपासून उजाडेपर्यंत चावते. दिवसभर तुम्ही कुठे फिरलात यापेक्षा अंधार पडल्यावर कुठे होतात ते महत्त्वाचं. वहीच्या एका पानावर मुक्काम, रात्री आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून काढा, वर प्रवासाचा महिना लिहा. उंची का, तर फार उंचावरच्या थंडीत डासाच्या पोटात परजीवीची वाढ पूर्ण होत नाही.

आमच्या सहलीचं पान असं होतं:

नैरोबी, १ रात्र, सुमारे १,८०० मीटर
अंबोसेली, २ रात्री, सुमारे १,१५० मीटर
नैवाशा, १ रात्र, सुमारे १,९०० मीटर
मसाई मारा, ३ रात्री, साधारण १,५०० ते २,००० मीटर
दियानीचा समुद्रकिनारा, २ रात्री

केनियात २,५०० मीटरच्या वर धोका जवळपास नाही असं मानतात. आमची एकही रात्र त्या उंचीवर नव्हती, आणि शेवटच्या दोन तर थेट किनाऱ्यावर, जिथे आमच्या मुक्कामांपैकी धोका सगळ्यात जास्त. एवढ्यावर निर्णय झाला होता. गोळ्या घ्यायच्या.

टांझानियात ही रेषा साधारण १,८०० मीटरची आहे. किलिमांजारो चढायला जाणारे मला सांगतात, "आम्ही तर डोंगरावर, तिथे कुठले डास?" डोंगरावर नाहीत, खरं आहे. पण चढाईच्या आधीची आणि नंतरची रात्र पायथ्याच्या मोशी गावात जाते, आणि मोशी ९०० मीटरच्या आसपास आहे. त्यातून शेवटी झांझिबारचं बेट जोडलं असेल तर प्रश्नच मिटला. "दोनच रात्री आहेत हो" हेही कामाचं नाही. एक चावा पुरतो.

उलट, याच तक्त्याने कितीतरी जणांचा गोळ्यांचा खर्च वाचतो. मॉरिशस, सेशेल्स, सिंगापूर इथे मलेरिया नाही. संयुक्त अरब अमिरातीला २००७ मध्ये, मालदीवला २०१५ मध्ये, श्रीलंकेला २०१६ मध्ये आणि इजिप्तला २०२४ मध्ये मलेरियामुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं आहे. बँकॉक, फुकेत, बालीचे नेहमीचे पर्यटनाचे भाग, इथेही गोळ्यांची गरज नसते. थायलंडमध्ये धोका आहे तो सीमेलगतच्या जंगलात, इंडोनेशियात तो पूर्वेकडे पापुआत. यांपैकी बहुतेक ठिकाणी डेंग्यू मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. तेव्हा डास पळवणारं क्रीम घरी ठेवून जाऊ नका.

शहर म्हणजे सुरक्षित, हा हिशेब आफ्रिकेत चालत नाही. किंबहुना मुंबईकरांना ओळखीची वाटावी अशी एक गोष्ट तिकडे घडते आहे. आपल्याकडे इमारतींच्या टाक्यांत आणि बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यात वाढणारा अॅनोफिलिस स्टेफेन्साय हा डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, पुढे इथिओपियात आणि मग केनियातही पोहोचला. जंगलापेक्षा शहर मानवणारा डास आहे हा.

माहिती शोधताना अमेरिकेच्या सीडीसीचं (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचं) आणि ब्रिटनच्या प्रवास-आरोग्य सेवेचं देशवार पान, अशी दोन पानं पाहा. टूर कंपनीच्या "वारंवार विचारले जाणारे प्रश्न" यावर विसंबू नका. ही दोन पानं कधी कधी एकमेकांशी जुळत नाहीत. नैरोबीचंच घ्या: ब्रिटिश तिथला धोका अगदी कमी मानतात, अमेरिकन गोळ्या सुचवतात. अशा वेळी कोण जाणार आहे ते बघून ठरवावं. धडधाकट तरुण दोन रात्रींच्या मीटिंगला फक्त नैरोबीला जाणार असेल तर क्रीम आणि लांब बाह्यांवर भागेल. सोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मी अमेरिकनांचं ऐकेन.

तिसरं काम: जाणारा माणूस कोण

तक्त्याच्या खाली प्रत्येकाचं वय, वजन, चालू औषधं, जुने आजार लिहा. कोणाला कोणती गोळी चालणार नाही ते इथूनच कळतं.

गर्भवतीने शक्य असेल तर हा प्रवास पुढे ढकलावा, हाच सल्ला सगळीकडे मिळेल. गरोदरपणात फाल्सिपेरम फार वाईट वागतो आणि चालणाऱ्या गोळ्याही मोजक्याच. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून अंदाजपंचे वजन सांगू नका, काट्यावर उभं करा. ज्येष्ठांच्या बाबतीत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा, ताजा रिपोर्ट हवा. बाबांचा दीड वर्षं जुना होता, तो डॉक्टरांनी चालवून घेतला नाही. फिट्स, नैराश्य, पॅनिक अॅटॅक यांतलं पूर्वी काहीही झालं असेल तर ते सांगायलाच हवं, टूरमधल्या चार ओळखीच्यांसमोर नको असेल तर एकट्याने भेटून सांगा. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही.

डॉक्टरकडे केव्हा जायचं? सहा आठवडे आधी. पिवळ्या तापाच्या लशीची तारीख मिळायला वेळ लागतोच, आणि एक गोळी अशी आहे की ती निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. उशीर झाला असेल तरी जा. बाकीच्या दोन गोळ्या आदल्या दिवशीसुद्धा सुरू करता येतात.

चौथं काम: गोळी निवडणं

निवड तिघींत करायची असते.

*अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल.* एकाच गोळीत दोन औषधं. निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, धोक्याच्या भागात असेपर्यंत रोज, परत आल्यावर ७ दिवस. जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची, नुसत्या चहावर नाही, कारण स्निग्ध पदार्थ असले तरच ती नीट शोषली जाते. त्रास बहुतेकांना कमी होतो. मूत्रपिंडाचं काम फारच कमी असेल तर चालत नाही. तिघींत महाग, आणि गल्लीतल्या केमिस्टकडे असेलच असं नाही, आधी मागवून ठेवा.

*डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम.* स्वस्त आणि कुठेही मिळणारी. रोज एक, सुरुवात तशीच एक-दोन दिवस आधी, पण परतल्यावर पूर्ण ४ आठवडे. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गर्भवतींना नाही. ऊन लागून त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, आणि सफारीची जीप उघड्या छताची असते. टोपी, सनस्क्रीन, पूर्ण बाह्या. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची औषधं हिच्याबरोबर घ्यायची नाहीत, काही तासांचं अंतर हवं.

*मेफ्लोक्विन, २५० मिलिग्रॅम.* आठवड्याला एक, ठरलेल्या वारी. दोन-तीन आठवडे आधी सुरू, परतल्यावर ४ आठवडे. काही जणांना हिने विचित्र स्वप्नं पडतात, घाबरल्यासारखं होतं, चक्कर येते, क्वचित मानसिक त्रास गंभीर होतो. लवकर सुरू करण्याचं एक कारण हेच, की त्रास व्हायचा तर घरी असतानाच कळावा आणि गोळी बदलता यावी. नैराश्य, फिट्स, हृदयाच्या ठोक्यांची गडबड असलेल्यांना नाही. किलिमांजारो चढणारे आणि झांझिबारला डायव्हिंग करणारे यांनीही टाळलेली बरी.

भारताच्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वं सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामाला डॉक्सिसायक्लिन आणि त्याहून लांब मुक्कामाला मेफ्लोक्विन सुचवतात. बरेच डॉक्टर तेच लिहून देतील आणि त्यात चूक काही नाही.

आता हिशेब. १० दिवसांच्या सहलीला, दोन दिवस आधी सुरू केलं तर, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलच्या २ अधिक १० अधिक ७, म्हणजे १९ गोळ्या लागतात. डॉक्सिसायक्लिनच्या २ अधिक १० अधिक २८, म्हणजे ४०. मेफ्लोक्विनच्या साधारण ८. किंमत काढताना एका गोळीची न बघता पूर्ण कोर्सची बघा, आणि चाळीस दिवस रोज आठवणीने गोळी घेणारा माणूस आपल्या घरात कोण आहे याचाही विचार करा.

परतल्यावरच्या दिवसांत एवढा फरक का, हे कळलं तर माणूस गोळ्या मध्येच सोडत नाही. डास चावला की परजीवी आधी यकृतात जातो, तिथे आठवडाभर वाढतो आणि मग रक्तात उतरतो. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल त्याला यकृतातच गाठते, म्हणून ७ दिवस पुरतात. उरलेल्या दोघी त्याची रक्तात वाट बघत बसतात. दियानीला शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा परजीवी तुम्ही बोरिवलीला पोहोचून कपडे धुवून झाल्यावर रक्तात येणार. त्या दिवशी गोळी बंद असेल तर आधीच्या सगळ्या वाया.

घरात उरलेली क्लोरोक्विनची पाकिटं मात्र नकोत. आफ्रिकेतला फाल्सिपेरम तिला केव्हापासूनच दाद देत नाही. लसणाच्या पाकळ्या, बी व्हिटॅमिन, कडुलिंबाचा रस, मलेरिया होऊ नये म्हणून दिलेल्या होमिओपॅथीच्या साखरगोळ्या, यांपैकी कशानेही मलेरिया टळतो असं सिद्ध झालेलं नाही. कडुलिंब पाडव्याला खावा.

आमच्यात बाबांना आणि मला अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिहून दिली, नवऱ्याने डॉक्सिसायक्लिन घेतली. तिसऱ्या रात्री तंबूत दिवे गेल्यावर त्याने ती घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि तसाच आडवा झाला. सकाळी छातीच्या मधोमध अशी आग, की चहाचा घोटही उतरेना. गोळी अन्ननलिकेतच अडकून बसली होती. ही गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि नंतर निदान अर्धा-एक तास आडवं व्हायचं नाही. म्हणजे रात्रीऐवजी न्याहारीची वेळ सोयीची.

पुणेकर नातेवाईक हमखास विचारतात, "अगं, मलेरियाची लस सीरममध्येच बनते ना?" बनते. ऑक्सफर्डने विकसित केलेली आर-२१ लस सीरम इन्स्टिट्यूट तयार करते आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण ती मलेरियाच्या भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे. पर्यटकासाठी नाही.

पाचवं काम: डासाला चावू न देणं

कोणतीही गोळी शंभर टक्के नाही, म्हणून हे सगळ्यांना करायचंच आहे. क्रीम किंवा स्प्रे घेताना वासाकडे बघू नका, मागचं बारीक लेबल वाचा. डास पळवणारं रसायन त्यात किती आहे ते बघा: डीट २० ते ५० टक्के, किंवा पिकारिडिन २० टक्के. डीटचं प्रमाण जास्त तितका वेळ जास्त, पण ५० च्या पुढे फायदा वाढत नाही. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वरून डीट. डीटने प्लास्टिक खराब होतं. माझ्या चष्म्याच्या काड्या कायमच्या चिकट झाल्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावायचं नाही, त्याला मच्छरदाणीतच ठेवायचं.

संध्याकाळी साडेसहाला गेम ड्राइव्हहून, म्हणजे जीपमधून प्राणी बघून, परत आल्यावर सगळे अंघोळ करून हाफ पँटमध्ये शेकोटीभोवती बसतात. डासांची हीच वेळ. अंघोळीनंतर क्रीम पुन्हा लावा, पायमोजे घाला. घोटे हे त्यांचं आवडतं ठिकाण. कपडे फिकट रंगाचे घ्या. गडद निळा आणि काळा नको, त्यावर त्सेत्से माश्या येतात.

भिंतीत खुपसायचं लिक्विडचं मशीन नेणार असाल तर दोन गोष्टी. केनियात चौकोनी तीन पिनांचे प्लग आहेत, अडॅप्टर लागतो. आणि जंगलातल्या बऱ्याच तंबूंमध्ये जनरेटर रात्री काही तास बंद ठेवतात, तेव्हा ते मशीन नुसतं शोभेला. मच्छरदाणी सोडताना कडा गादीखाली खोचा आणि आत शिरल्यावर टॉर्च फिरवून एकदा बघून घ्या. आत अडकलेला एक डास बाहेरच्या पन्नासांपेक्षा वाईट.

नोकरीसाठी जाणारे आणि जहाजावरचे

आफ्रिकेतल्या लागोस, कंपाला, मापुतोला दोन-तीन वर्षांच्या करारावर जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तिथे पहिल्या काही महिन्यांनंतर बहुतेक जण गोळ्या सोडून देतात. सोडायच्याच असतील तर स्वतःच्या मनाने नकोत, कंपनीच्या डॉक्टरशी बोलून. घराला जाळ्या आणि जवळ खात्रीची लॅब या दोन गोष्टी मात्र राहायची जागा ठरवतानाच बघा. कोकणातली कितीतरी मुलं मर्चंट नेव्हीत आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरात जहाज लागलं की रात्री डेकवर काम करणाऱ्याला धोका आहेच, किनाऱ्यावर उतरो न उतरो. दवाखान्यापासून एक दिवसाहून जास्त लांब राहणाऱ्यांना डॉक्टर कधी कधी उपचाराच्या गोळ्यांचा संच सोबत देतात. तो भारतातूनच न्या, तिकडे बनावट औषधांचा सुळसुळाट आहे, आणि तो घेतला तरी दवाखाना गाठायचाच.

सहावं काम: परत आल्यावरचा ताप

मसाई मारातलं वन्यपशूंचं स्थलांतर जुलै ते ऑक्टोबरमध्ये बघायला मिळतं. म्हणजे आपले लोक परततात तेव्हा इकडे पावसाळा नाहीतर त्याची शेपटी, आणि दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरलेले. ताप आला की "व्हायरल आहे, क्रोसिन घ्या". सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, प्लेटलेट कमी आल्या की "डेंग्यू दिसतोय". प्लेटलेट मलेरियातही कमी होतात. केनियाचं नाव तुम्ही काढल्याशिवाय डॉक्टरच्या मनात ते येणार नाही, कारण तुम्ही त्यांना समोरच्या सोसायटीत राहणारे म्हणून माहीत आहात. म्हणून दारातून आत शिरताच पहिलं वाक्य तेच: "मी अमुक तारखेला केनियाहून आलोय, ताप आहे, आजच मलेरियाची तपासणी करा."

धोक्याच्या भागात पाऊल टाकल्यापासून ७ दिवसांच्या आतला ताप सहसा मलेरियाचा नसतो. त्यानंतरचा कुठलाही ताप, विशेषतः परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांतला, मलेरिया नाही हे रक्ताने सांगेपर्यंत मलेरियाच समजायचा, गोळ्या चुकवल्या नसल्या तरी. थंडी वाजलीच पाहिजे असंही नाही. नुसती अंगदुखी, डोकेदुखी, उलट्या-जुलाब यानेही सुरुवात होते.

लॅबमध्ये एमपीची स्लाइड (रक्तातला मलेरियाचा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची) आणि रॅपिड टेस्ट, दोन्ही सांगा. रिपोर्ट त्याच दिवशी हवा, "उद्या संध्याकाळी या" म्हणाले तर दुसरी लॅब गाठा. पहिली निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. ताप चालू असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा रक्त द्यायचं. व्हायवॅक्स आणि आफ्रिकेतला ओव्हॅले या जाती तर यकृतात महिनोन्महिने झोपून राहतात आणि अशा झोपलेल्या परजीवीवर आपल्या या गोळ्या चालत नाहीत, म्हणून वर्षभर तरी प्रत्येक तापाला केनिया आठवायचं.

बाबांना परत आल्यावर सोळाव्या दिवशी ताप आला. तीन स्लाइड काढल्या, तिन्ही निगेटिव्ह, शेवटी डेंग्यू निघाला, तो इथलाच. तिसऱ्या वेळी रक्त द्यायला जाताना ते कुरकुरले, पण लॅबवाल्या मुलाला "केनियाहून आलोय" हे त्यांनी न विचारताच सांगितलं.